नकाशात नसलेला थांबा

दिवसा मी कॉड सोलायची यंत्रं धुतो,
रात्री रूळ टाकतो.
खरे रूळ मी जन्मायच्या आधीच उचलून नेले.
न्यूफाउंडलंडच्या त्या वाटेवर आता
चारचाकी बाइका चिखल उडवत जातात.
माझ्या पडद्यावर मात्र साडेतीन फुटी गेज
पुन्हा अंथरलं जातंय, तुकड्याला तुकडा.
सांधा जुळला की बारीकसा टक् आवाज येतो.
त्या आवाजाचं मला व्यसन आहे, खोटं कशाला बोलू.

डोंगर फुकट मिळाले, उपग्रहानं मोजलेले.
एका ठिकाणी समुद्र टेकडी चढत होता,
त्याला हातानं खाली उतरवला.
झाडं चारच, फिरवून फिरवून
सात हजार लावली.
चढ फार झाला की रेघ लाल होते,
मग मी माउसनं अख्खी टेकडी खरवडतो.
त्या काळच्या मजुरांना ही सोय नव्हती,
त्यांनी वळसा घेतला.
तीन रात्री भांडून
शेवटी मीही वळसाच घेतला.

दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या ऑलिव्ह पिन
जॅमची रिकामी बरणी परत न्यायला आल्या
आणि बसल्या.
पंच्याऐंशी वय. चष्मा पुसला, पुन्हा घातला.
मी ऐटीत इंजिन काढलं, शिट्टी दिली, पूल ओलांडला.
रुळांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
"आज वार कुठला तुझ्याकडे?"
तारीख मी उगीच टाकलेली,
सहा नोव्हेंबर एक्कावन्न.
"मंगळवार," म्हटलं.
"मग त्या दोरीवरचे कपडे चुकले.
मंगळवारी कोळशाची मालगाडी जायची.
आई चादर बाहेर काढेल होय!
आणि धूर असा सरळ वर कसा जातो रे?
वारा कुठाय?"

वारा नाही, मी म्हणालो.
बर्फ आहे, धुकं आहे, अकरा तऱ्हेचे ढग आहेत,
वाऱ्यानं फक्त पानं हलतात.
त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.
"वारा नाही म्हणे!
मग डबे उलटतात कसे तुझे?"

गाडी रूळ-मुकादमाच्या घरापुढून निघून गेली.
"थांबली नाही," त्या म्हणाल्या.
इथं स्टेशन नव्हतं.
जुन्या वेळापत्रकात नाही, नकाशात नाही,
मी सगळं तपासलंय.
"नव्हतंच. पण थांबायची.
बाबा कंदील हलवायचे.
एकदा थांबली माझ्या भावाला दवाखान्यात न्यायला.
एकदा नुसती शिवणयंत्राची सुई द्यायला.
तेव्हा मी अकरा वर्षांची."

मी फलाटाचा तुकडा घेतला.
चाळीस मीटरपेक्षा लहान चालत नाही म्हणे,
तो खडीखाली पुरला.
नावाची चौकट रिकामी सोडता येईना.
"तुमचं माहेरचं नाव काय?"
"कीपिंग," त्या म्हणाल्या,
आणि बरणी उगाच मांडीवर फिरवत राहिल्या.

गाडी मागं नेली, पुन्हा आणली.
ती हळू झाली, कुरकुरली,
दाराच्या अगदी समोर उभी राहिली.
कुणी उतरलं नाही.
प्रोग्रॅममध्ये माणसं तीनच,
तिघंही सुटात, हातात ब्रीफकेस;
त्यांना मी मुद्दामच ठेवलं नव्हतं.
इंजिन उसासे टाकत होतं.
थांबा नव्वद सेकंदांचा.
आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत बसलो.
सत्तरीच्या आसपास त्या म्हणाल्या,
"पुरे, सोड आता.
आत बसलेल्यांना पुढं जायचंय."

नकाशाच्या कडेला गाडी एका काळ्या पेटीत शिरते
आणि नाहीशी होते.
तिकडं काय आहे ते मी बांधलेलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही,
कोट चढवला, बरणी विसरून गेल्या.

रात्री मी दोरीवरचे सदरे काढून टाकले.
दोरी तेवढी ठेवली.
ती हलत नाही.
ते अजून जमलेलं नाही.